आधीच चालणाऱ्या यंत्राचा विकास

मला संशोधन प्रकल्पात नोकरी मिळाली ती टायपिंग येत होतं म्हणून. अर्जात मी एम.एस्सी.चे गुण ठळक अक्षरांत लिहिले होते, पण मुलाखतीत सरांनी नेमका त्याच ओळीवर चहाचा कप ठेवला होता. "मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टायपिंग?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले, आणि देशाच्या वैज्ञानिक प्रगतीत माझा सहभाग सुरू झाला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या टायपिंग क्लासने रातोरात पाटी बदलून 'कॉम्प्युटर एज्युकेशन' असं रंगवून घेतलं होतं. आतली यंत्रं मात्र पुढे बरेच दिवस तीच होती. माझ्या बरोबरीच्या निम्म्या मुली सी प्लस प्लस शिकत होत्या आणि उरलेल्या निम्म्यांची लग्नं सी प्लस प्लस शिकून अमेरिकेत गेलेल्यांशी ठरत होती. मी दोन्हीकडून राहिले होते, म्हणून विज्ञानाच्या वाट्याला आले.

सर म्हणजे आमच्या अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि शंका विचारणाऱ्याकडे असं पाहण्याची सवय की त्याने पुढच्या वेळी शंका घरीच ठेवून यावं. उद्योगजगताशी त्यांचा संबंध म्हणजे स्कूटर सर्व्हिसिंगला टाकणं. तिथेही ते मेकॅनिकला इंजिनाचं तत्त्व समजावून सांगत आणि मेकॅनिक त्यांच्याकडून जास्त पैसे घेई. पण माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सांगायला जागा मिळेलच असं नाही.

त्या सुमाराला सरकारला असा साक्षात्कार झाला होता की विद्यापीठांत ज्ञान पडून आहे आणि लघुउद्योगांत अडचणी पडून आहेत, तर दोघांची गाठ घालून द्यावी. देशाचे एवढे दरवाजे उघडलेच होते, हाही एक उघडून पाहू. त्यासाठी अनुदानाची योजना निघाली. विद्यापीठाने संशोधन करायचं, उद्योगाने ते वापरायचं आणि सरकारने दोघांचे अहवाल वाचायचे. निदान फायलीला लावायचे.

अर्जाची सगळी पानं सरांनी हौसेने भरली. अडलं ते एकाच रकान्यापाशी. 'उद्योगभागीदार' असं त्याच्यावर लिहिलं होतं आणि खाली सही-शिक्क्याला जागा सोडली होती. सरांनी भोसरीच्या चार कारखान्यांना पत्रं पाठवली. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्याने दिवाळीचं भेटकार्ड पाठवलं. अर्जाची मुदत संपायला आठवडा उरला आणि सर व्हरांड्यात येरझारा घालू लागले.

आणि त्याच आठवड्यात काका आपणहून आले.

काका म्हणजे माझे कोणी नव्हेत. धायरीला त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे ते खिडक्यांचे ग्रिल, दारं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड बनवायचे. घरची शेती होती, त्यातली बरीचशी जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या इमारतींना ग्रिल काकाच बसवत होते. ते टेम्पोतून एक यंत्र आणि एक पोतं घेऊन आले. टेम्पो थेट विभागाच्या दाराशी लावला, म्हणून शिपायाशी त्यांचं आधी भांडण झालं. त्यामुळे आम्ही सगळे बाहेर आलोच होतो.

"साहेब, मला ह्या मशिनीचा कागुद पायजे," काका म्हणाले.

यंत्र मटार सोलण्याचं होतं. कमरेएवढी उंची, वर पत्र्याचं तबक, त्याखाली शेजारी शेजारी दोन रबरी रूळ. रूळ एकमेकांकडे तोंड करून आत फिरायचे. शेंग टाकली की टरफल दोघांमधून खाली ओढलं जायचं आणि दाणे, जाड असल्यामुळे, वरच राहून घरंगळत डब्यात पडायचे. रूळ टाइपरायटरचे होते. तेव्हा कचेऱ्याकचेऱ्यांतून टाइपरायटर भंगारात निघत होते आणि जुन्या बाजारात त्यांचा ढीग पडला होता. काकांनी तिथून चार आणले, दोन बसले.

काकांनी पोत्यातल्या ओंजळभर शेंगा तबकात टाकल्या आणि हँडल फिरवलं. दाणे टपटप पडले. एकही फुटला नव्हता. शिपाईसुद्धा भांडण विसरून वाकून बघायला लागला.

काकांची हकीकत सरळ होती. त्यांच्या घरच्या, म्हणजे काकू, आणि शेजारच्या चारपाच बायका हिवाळाभर मटार सोलायच्या. सोललेला माल एका कॅन्टीनच्या ठेकेदाराकडे जायचा. शहराच्या पश्चिमेला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. आत बसून जगाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांना दुपारी मटार-पनीर लागायचं, आणि ते मटार धायरीत काकूंच्या नखांनी सोललेले असत. काकूंच्या अंगठ्याचं नख दोन हिवाळ्यांपासून मधोमध चिरलेलं होतं. ते बघून काकांनी यंत्र केलं. ठेकेदाराला ते पसंत पडलं. सगळा हिवाळा तुमच्याचकडून माल घेतो, शिवाय माझ्या दुसऱ्या स्वयंपाकघरांसाठी अशीच यंत्रं घेतो, म्हणाला. फक्त कंपनीवाल्यांना दाखवायला एखाद्या सरकारी नाहीतर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा कागद आणा.

तेवढा एक कागद काकांना हवा होता.

सर बराच वेळ यंत्राभोवती फिरले. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अहो, पण हे चालतंय."

"व्हय साहेब. चालतंय की," काका खुशीत म्हणाले.

"तीच तर अडचण आहे."

काकांना वाटलं, साहेब विनोद करतायत. ते हसले. मीही हसले. नवीन होते.

आत नेऊन सरांनी त्यांना समजावलं. नुसत्या यंत्राला असा कागद देता येत नाही, त्याची काही पद्धत असते. पण आपण या योजनेत भागीदार झालात, तर विद्यापीठ या यंत्राचा शास्त्रशुद्ध विकास करील, आणि शेवटी जो कागद मिळेल त्याच्यावर सरकारचीही मोहोर असेल. काकांनी विचारलं, किती दिवस लागतील? सर म्हणाले, योजना तीन वर्षांची आहे. काका म्हणाले, पण मशीन तर झालीया. सर म्हणाले, अहो, आपल्या दृष्टीने झालीय.

त्याच संध्याकाळी अर्ज नव्याने लिहिला गेला. मीच टाइप केला. त्यात पहिलंच वाक्य असं होतं की मटार सोलण्याचं किफायतशीर यंत्र सध्या देशात उपलब्ध नाही. टाइप करताना खिडकीतून मला ते यंत्र दिसत होतं. टेम्पोत परत चढवताना शिपाई त्याला हात लावत होता.

अर्जासोबत करारनामाही होता. त्याच्या सातव्या कलमात म्हटलं होतं की प्रकल्प पूर्ण होऊन तंत्रज्ञान रीतसर हस्तांतरित होईपर्यंत भागीदाराने सदर यंत्र बनवू, वापरू, विकू अथवा कोणास दाखवू नये. सही करायला काका आले तेव्हा सर वर्गावर होते. काका चष्मा घरी विसरले होते. ते मला म्हणाले, "ताई, तुमीच टाईप केलंय ना? आमाला अडचण व्हईल असं काय न्हाय ना ह्यात?"

मी म्हणाले, "नाही हो काका. नेहमीचाच मसुदा आहे."

खोटं नव्हतं ते. नेहमीचाच मसुदा होता. औषधाच्या कारखान्यांसाठी कोणीतरी केलेला, तसाच्या तसा उचललेला. मी शब्द न् शब्द टाइप केला होता आणि त्यातला एकही वाचला नव्हता. क्लासमध्ये आम्हाला तेच शिकवलेलं. वाचलंत की वेग कमी होतो.

पहिलं वर्ष संदर्भ-आढाव्याचं होतं. मी ग्रंथालयात बसून वाटाण्यावर जगात काय काय लिहिलं गेलंय ते उतरवून काढलं. तिमाही अहवालाची सुरुवात 'वाटाणा हे एक वेलवर्गीय पीक आहे' अशी केली, तेव्हा सरांनी पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. हिवाळ्यात आम्ही पोत्याने शेंगा आणल्या आणि एकेक दाणा व्हर्नियरने मोजला. लांबी, रुंदी, जाडी. दाणा गोल असतो, तर यातली लांबी कोणती, असं मी विचारलं होतं. सरांनी माझ्याकडे त्या नजरेने पाहिलं. मोजून झालेले मटार संध्याकाळी वाटून घेतले जात. त्या वर्षी विभागातल्या यच्चयावत घरांत मटारची उसळ झाली, आणि राष्ट्राच्या संशोधनाचा तेवढाच एक ठोस परिणाम मला दिसला.

काका दर महिन्याला यायचे. बाकावर बसायचे. "झाला का कागुद?" विचारायचे. मी म्हणायचे, "आढावा चाललाय." ते मान डोलवायचे, जणू आढावा म्हणजे घरातलं आजारपण, त्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

दुसऱ्या वर्षी आराखडे. एकदा आराखड्यासाठी मोजमापं घ्यायला मी धायरीला गेले. सिंहगड रस्त्याने बस, मग चालत. शेडच्या जवळ आले तर आतून रूळ फिरल्याचा आवाज येत होता. कुर्र, कुर्र, आणि दाण्यांची टपटप. मी फाटकाची कडी मुद्दाम जोरात वाजवली. आवाज बंद झाला. आत गेले तेव्हा यंत्रावर गोणपाट होतं आणि काकू जमिनीवर बसून मोठ्या निष्ठेने अंगठ्याने शेंग सोलत होत्या. एक शेंग. मांडीशी मात्र दाण्यांनी भरलेली पाटी होती.

"बसा," काकू म्हणाल्या. "वापरत न्हाय आमी. कायद्यानं बंदी हाय ना."

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणाले.

"तुमी बगायलाच तर येताय," काकू म्हणाल्या. "दीड वर्स झालं. चालतीया ती मशीन बगायची, आन् चालत न्हाय म्हणून लिवायचं. शिकल्याली मान्सं तुमी, आमी काय बोलणार!"

त्यांनी मला चहा दिला. त्यात साखर कमी नव्हती. तोवर मी या सगळ्याकडे गंमत म्हणून पाहत होते. घरी जेवताना सांगून सगळ्यांना हसवत होते. तिथे बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की या गमतीत मी बघ्यांत नाही, खेळणाऱ्यांत आहे.

म्हणून परत आल्यावर मी सरांसमोर धीर करून बोलले. म्हटलं, सर, यंत्र तयारच आहे, तर आपण मुदतीआधी प्रकल्प पूर्ण झाल्याचं कळवू. सरांनी चष्मा काढून पुसला. "अगं, तिसऱ्या वर्षाचं अनुदान परत पाठवायचं म्हणतेस का? आजवर कुणी पाठवलंय? संशय येईल त्यांना. आणि तुझा पगार कुठून होतो, माहितेय ना?" मला माहीत होतं. मी जागेवर जाऊन अहवालात 'दाणे फुटण्याचे प्रमाण अद्याप समाधानकारक नाही' असं टाइप केलं.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने यंत्र बनवलं. काकांचं बघून नाही, आराखड्यावरून. जुन्या बाजारातले रूळ घेता येईनात, कारण खरेदीला तीन लेखी दरपत्रकं लागतात आणि भंगारवाला दरपत्रक म्हटल्यावर हात झटकतो. मग एका नामांकित पुरवठादाराकडून नवे रूळ मागवले. चकचकीत यंत्र झालं. पहिल्याच फेरीत त्याने मटारची चटणी वाटून दिली. दुसऱ्या फेरीत शेंगाच गिळल्या. शिपाई म्हणाला, ह्याला मीठ-मिरची घातली तर तव्यावर टाकता येईल. सर त्याच्यावर ओरडले, पण नेहमीच्या जोराने नाही.

सरकारी समिती अंतिम पाहणीला यायला चार दिवस उरले होते. सरांनी काकांना निरोप धाडला, आपलं यंत्र प्रात्यक्षिकासाठी घेऊन यावं. काकांनी आणलं. ते विद्यापीठाच्या रंगात, म्हणजे फिकट पोपटी, रंगवलं गेलं. वर विद्यापीठाच्या नावाची पितळी पट्टी बसली. नवं यंत्र जिन्याखाली गेलं.

समितीत तिघे होते. त्यातले एक दिल्लीहून आले होते आणि त्यांना दुपारचं विमान गाठायचं होतं. सरांनी सुरुवात वाटाणा हे वेलवर्गीय पीक आहे इथपासून केली. मग काकांना खूण केली. काकांनी पोत्यातली एक शेंग काढली, बोटांत दाबून पाहिली, फोडून दाणा जिभेवर टाकला. मग वाकून बाजूचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि हँडलला हात घातला. दाणे टपटप पडले. दिल्लीचे साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, असंच काम व्हायला पाहिजे. सरांनी नम्रपणे मान लववली. काकांकडे कोणी पाहिलं नाही. ते यंत्र चालवणारे, असं सगळ्यांनी धरलं होतं.

आता कागद मिळेल, असं काकांना वाटलं. मलाही वाटलं. ठेकेदाराने त्यांना निर्वाणीचं सांगितलं होतं, दोन हिवाळे थांबलो, या हिवाळ्यात कागद नसेल तर मी पाकिटातला गोठवलेला मटार घ्यायला लागेन, तो आता हवा तेवढा मिळतो. हिवाळा तोंडावर आला होता.

पण तंत्रज्ञान हस्तांतराचीही पद्धत असते. सरकारी पैशातून झालेलं संशोधन एकट्यादुकट्याला देता येत नाही. ते सर्वांसाठी खुलं करायचं, प्रशिक्षण वर्ग घ्यायचा, शेवटी लेखी परीक्षा. जो उत्तीर्ण होईल त्याला यंत्र बनवण्याचा परवाना आणि प्रमाणपत्र. उद्योगभागीदाराला एक खास सवलत होती. त्याला वर्गात पहिल्या रांगेत बसता येणार होतं.

वर्ग दोन दिवसांचा होता. बारा प्रशिक्षणार्थी. लोणी काळभोरचा एक मसाला-कांडपवाला, दोन बेकार इंजिनीअर, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ ज्यांना घरी बसवत नव्हतं, असे. आणि पहिल्या रांगेत काका, धुतलेला शर्ट, खिशाला पेन. शिकवायला मी होते. सरांच्या मते आराखडे मी काढले होते, तेव्हा विषयाची तज्ज्ञ मीच.

मी फळ्यावर दोन वर्तुळं काढली आणि बारा माणसांना सांगितलं की हे रूळ आहेत. काका वहीत दोन वर्तुळं काढून घेत होते. मी त्यांच्याकडे न बघता बोलत राहिले. मसालेवाल्याने विचारलं, "म्याडम, लहान-मोठ्या शेंगा एकत्र आल्या तर वो?" मी म्हणाले, पुस्तिकेत पान आठ पाहा. पान आठवर त्याचं उत्तर नव्हतं. काका मागे वळून त्याला काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात सर दारात आले आणि म्हणाले, "आपसात बोलू नका."

परीक्षा वीस गुणांची, उत्तीर्ण व्हायला बारा. एक प्रश्न असा होता: 'दोन रुळांमध्ये किती अंतर ठेवावे?' तीन गुण. उत्तरसूचीत मिलिमीटरमधला आकडा होता, दशांश चिन्हासकट. तो आम्ही व्हर्नियरवरून काढला होता. जिन्याखालचं यंत्र त्याच आकड्यावर चटणी करत होतं.

काकांनी लिहिलं होतं, 'शेंग बघून.'

पेपर मी तपासले. पुढचं आधी सांगून टाकते. ठेकेदाराने त्या हिवाळ्यात पाकिटातला मटार घेतला आणि कायमचाच घेतला. बँकेतले गृहस्थ अठरा गुण मिळवून पहिले आले. त्यांना पुस्तिका तोंडपाठ होती. त्यांनी परवाना लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावला आणि एकही यंत्र बनवलं नाही. उत्तीर्ण झालेल्या बाकीच्यांनी बनवलं, पुस्तिकेप्रमाणे, आणि एकेक करून शिव्या घालत सोडून दिलं. नापास झालेल्यांसाठी दुसरा वर्ग भरायचा होता, पण मार्चमध्ये योजना संपली आणि एप्रिलमध्ये दुसरी निघाली, तिचा विषय सॉफ्टवेअर होता. सरांचा शोधनिबंध परदेशात छापून आला. मी वर्षभरात एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागले. तिथे कॅन्टीनमध्ये मटार-पनीर असे. मी भेंडी घ्यायचे.

काकांच्या पेपरात इतर उत्तरांचे दहा गुण भरत होते. या प्रश्नाचे तीन मिळून तेरा झाले असते. मी लाल पेन हातात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. 'शेंग बघून' हेच बरोबर उत्तर होतं. आमच्या तीन वर्षांच्या संशोधनात हाती लागण्यासारखं काही असेल तर ते हे दोन शब्द होते, आणि मी ते स्वतःच्या डोळ्यांनी समितीसमोर घडताना पाहिलं होतं. पण पेपर दिल्लीला जाणार होते. उत्तरसूचीत आकडा होता. विचारायला गेले असते तर सर म्हणाले असते, अगं, मग सूची चूक आहे असं लिहून दे. तेवढं लिहून द्यायची माझी छाती नव्हती. मी शून्य दिलं. गोल, नीट, वेगाने.

निकालाच्या दिवशी काका सकाळीच आले. हातात पेढ्यांचा पुडा होता, तो त्यांनी बाकावर ठेवला.

"ताई, किती पडले?"

"दहा," मी म्हणाले. "बारा लागतात."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "ते अंतराच्या प्रश्नाला काय दिलंत?"

"शून्य."

"का वो?"

"आकडा लिहायचा होता, काका."

त्यांनी मान हलवली. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून ते मधल्या फटीकडे बघत राहिले, जणू तिथे कुठेतरी आकडा दिसेल. मग विचारलं, "पेपर तुमीच तपासला ना?"

"हो."

"मंग बराबर आसंल," काका म्हणाले. "माजंच चुकलं आसंल कायतरी."

मी पुण्यात वाढले आहे. टोमणा मला आवाज चढायच्या आधी ओळखू येतो, आणि त्या दिवशी मी कान देऊन त्याची वाट पाहिली. तो असता तर मी काहीतरी उलट बोलले असते, आणि सुटले असते. पण त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की स्वतःचं यंत्र आपल्याला नीट कळलेलं नाही. पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्या टेबलावर सरकवला, आणलाच आहे तर खा म्हणाले, आणि बस चुकू नये म्हणून लगबगीने जिना उतरून गेले.